गव्हर्नरबद्दल कुणाला काही सांगायचंय?

१२ जानेवारी १६९४

संपलं! आज चौकात सगळ्यांसमक्ष ह्यांनी गव्हर्नरकीची काठी न्यायाधीशांच्या हातात दिली. जेवताना, प्रार्थनेला, पोट बिघडलं तरीसुद्धा ती काठी इतकी वर्षं ह्यांच्या हाताशी असायची. दिली, आणि मग रिकाम्या हाताचं काय करावं तेच ह्यांना कळेना. टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मला हसू आलं, मग वाईटही वाटलं.

न्यायाधीश म्हणजे डॉन हेरोनिमो आल्दाना. ग्वातेमालाहून मुद्दाम ह्यांच्या चौकशीसाठी आलेत. किरकोळ अंगाचे, पिवळट, सारखं नाक पुसत असतात. आमच्या ह्या सान ओनोफ्रे गावची धूळ सोसत नाही म्हणे.

चौकशी तर प्रत्येक गव्हर्नरच्या मागे असतेच. पद गेलं तरी लगेच निघता येत नाही. दवंडी पिटतात— गव्हर्नरबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर यावं. उघड सांगा, नाहीतर गुपचूप सांगा. गुपचूप सांगणाऱ्याचं नाव फक्त न्यायाधीशांना ठाऊक. आणि शेवटचं गाऱ्हाणं निकालात निघेपर्यंत गव्हर्नरनं गावाची वेस ओलांडायची नाही.

हे म्हणाले, "माझ्याविरुद्ध काय निघणार आहे, मेन्सिया? फेब्रुवारीतच मोकळे होऊ." मार्चच्या सुरुवातीला किनाऱ्यावरून गलबत सुटतं. ते मिळालं तर जूनमधल्या संत हुआनच्या सणाआधी आपण घरी, समुद्रापलीकडे कासेरेसला!

१३ जानेवारी

पहिली पेटी भरली. रिकामी केली. पुन्हा भरली. सोळा वर्षांच्या मुलीला काय न्यावं? इथली चांदीची फुलं घेतली, मग वाटलं की मठात राहते ती, चांदी कुठे घालणार?

ब्रियांदाला सोडलं तेव्हा ती चार वर्षांची होती. समुद्रावर तापानं मुलं दगावतात, म्हणून नणंदेकडे ठेवली. निघालो तेव्हा झोपली होती. उठवू नका, रडेल, असं नणंद म्हणाली. मी नाही उठवलं.

नणंदेनं पुढे तिला मठात शिकायला घातलं. आता ती संत हुआनच्या दिवशी संन्यासिनीची कायमची शपथ घेणार आहे. त्यानंतर ती आणि मी— मध्ये लोखंडी जाळी. त्याआधी मला पोचायचंय. एकदा तिला जवळ घ्यायचंय, मग घेऊ दे तिला हवी ती शपथ. तिच्या मनात नसेल तर हात धरून बाहेर आणीन. तिच्या मनात काय आहे हेच मला ठाऊक नाही!

१५ जानेवारी

दवंडी झाली. ढोल, मग आरोळी, पुन्हा ढोल. मी खिडकीआडून बघत होते. लोक जमले, ऐकलं, डोकी खाजवली, घरी गेले. कुणी पुढे आलं नाही.

१८ जानेवारी

अजून कुणी नाही. हे रोज दुपारी नेहमीसारखे झोपतात. आज उठल्यावर विचारलं, "आलं होतं का कुणी?" नाही म्हटलं. थोडे हिरमुसले की काय असं वाटलं. पाच वर्षं राज्य करून कुणाला आपला रागही येऊ नये, ह्याचं दुःख असावं. पुरुषांचं काही सांगता येत नाही.

२० जानेवारी

पहिलं गाऱ्हाणं! आणि कुणाचं? क्रिस्पिन न्हाव्याचं!

गेल्या ईस्टरला हे अर्धी दाढी झालेली असताना खुर्चीतून उठून गेले, त्यामुळे आपल्या धंद्याची भर बाजारात नाचक्की झाली, असं त्याचं म्हणणं. खरंच गेले होते. नदीला पूर आला होता! पूल वाहून जात होता! गव्हर्नरनं दुसऱ्या गालाची वाट बघत बसायचं का?

मला वाटलं आल्दाना हसून हाकलून देतील. छे! त्यांनी नाक पुसलं आणि सगळं टिपून घेतलं. आता ह्यांनी उत्तर द्यायचं, मग दोघांनी साक्षीदार आणायचे.

आणि गंमत म्हणजे संध्याकाळी तोच क्रिस्पिन मागच्या दारी कोंबडी घेऊन हजर. "साहेबांना सूप करून द्या, बाईसाहेब. सुकलेत हो." मी बघतच राहिले. कोंबडी घ्यावी की त्याच्या तोंडावर फेकावी? पेत्रोनिला स्वयंपाकीण, तिनं माझ्या आधीच हात पुढे केला.

सूप छान झालं होतं. मी घेतलं नाही.

२३ जानेवारी

कळेनासं झालंय. आज तिघं आल्दानांकडे गेले. एका खेचरवाल्याचं म्हणणं, नवा पूल जुन्या जागेपासून लांब बांधला, त्यामुळे त्याची खेचरं नाराज आहेत. खेचरं! दुसरा म्हणाला, गव्हर्नरसाहेब रस्त्यात भेटले की त्याचं नाव चुकवतात. तिसऱ्याचं मला समजलंच नाही, काहीतरी मेंढीबद्दल होतं.

मोठं गाऱ्हाणं मात्र डोन्या ऊर्सुलाचं. कोकोच्या बागांची मालकीण, विधवा, गावातली सगळ्यात मोठी हवेली तिची. मिरवणुकीत देवावर धरायच्या छत्राचा पुढचा उजवा दांडा तिच्या नवऱ्याच्या घराण्याचा म्हणे, आणि तो एका वर्षी ह्यांनी धरला. मिरवणुकीतल्या जागेवरून इथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत, त्यामुळे हे हसण्यावारी न्यायचं गाऱ्हाणंच नव्हे. पण ऊर्सुलाच! माझ्या आजारपणात उशाशी बसणारी ऊर्सुला! त्या वर्षी तिनंच ह्यांना दांडा धरायला लावला होता. "माझ्या माणसाच्या जागी तुम्हीच शोभता" असं म्हणाली होती, मी शेजारी उभी होते.

हे म्हणाले, "म्हण तिला, पुढच्या वर्षी तिचा पुतण्या धरेल."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी आपण इथे असणार नाही."

"हो, तेही खरंच," म्हणाले.

२४ जानेवारी

ऊर्सुलाकडून मक्याचे तामाल आले. पानात बांधलेले, गरम. सोबत निरोप, तब्येत सांभाळा.

मला वेड लागतंय की ह्या गावाला?

२७ जानेवारी

रोज गर्दी. आल्दानांनी बसायला दुसरी खोली घेतली. आज कुणीतरी म्हणालं, गव्हर्नर प्रार्थनेत जांभया देतात. देतात! मी स्वतः चिमटे काढते. पण ह्यावरही साक्षीदार? पाद्रीबाबांना बोलावलंय म्हणे. ते तर स्वतःच्या प्रवचनात पेंगतात.

ह्या वेगानं मार्च काय, पुढचं वर्ष उजाडेल. मी ह्यांना म्हटलं, अहो, काहीतरी करा, भेटा आल्दानांना, ते शहाणे आहेत. हे म्हणाले, "कायदा आहे, मेन्सिया. मी स्वतः दुसऱ्यांच्या चौकश्या केल्यात. मध्ये बोलता येत नाही." आणि झोपायला गेले. मला ह्यांच्या झोपेचा इतका राग कधी आला नव्हता.

२९ जानेवारी

आधी डोंगरातल्या खाणींचे अंमलदार होते हे. तेव्हा म्हणाले होते, "एवढी एक जागा, मेन्सिया, आणि मग घरी." तिथे थंडीनं माझी बोटं काळी पडली. मग किनाऱ्यावरचा किल्ला. "किल्लेदारी झाली की माणसाला नाव मिळतं, नाव झालं की घरी." तिथे डासांनी ह्यांचे केस नेले, तापानं माझे दोन महिने नेले. मग इथली गव्हर्नरकी. "आता ह्याच्यापुढे काही नाही. ही झाली की घरीच." दर वेळी मी पेटी भरायची. दर वेळी तिच्यातलं काहीतरी वाटेत कुणाला तरी देऊन टाकायची. ब्रियांदासाठी घेतलेली छोटी शाल खाणीतल्या एका बाळंतिणीला दिली. मग मोठ्या मुलीचा झगा किल्ल्यावरच्या शिपायाच्या लेकीला.

हे वाईट गव्हर्नर नव्हते. चांगले होते का ते मला सांगता येणार नाही. फार काही करायचे नाहीत. दुपारी झोपायचे. आधीचे गव्हर्नर दुपारी झोपत नसत, आणि लोक अजून त्यांचं नाव काढून थुंकतात.

३ फेब्रुवारी

आज सगळं कळलं! आणि कळून आणखीच गोंधळले.

पेत्रोनिला दुपारी गायब. आली ती रविवारची शाल घेऊन. मी विचारलं, कुठे होतीस? ती शालीची घडी घालायला लागली. पुन्हा विचारलं तर म्हणाली, "न्यायाधीशसायबांकडं."

"तू? तूसुद्धा?"

"तर! साहेबांनी माझं चॉकलेट कुत्र्याला पाजलं व्हतं न्हवं का, नाताळात. सांगितलं म्यां."

मी ओरडले. बारा वर्षांत घरात कुणावर अशी ओरडले नसेन. भाकरी, छप्पर, तुझ्या आईचं आजारपण, सगळं काढलं. ती ऐकत उभी राहिली, आणि मग माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच खुळी.

"आवो बाईसाहेब, असं काय करता? वाईट कोण बोलतंय? गाऱ्हाणं हाय तोवर साहेबांना जाता येत न्हाई. समद्यांनी मिळून ठरीवलंय. रोज थोडी थोडी घालायची. क्रिस्पिन म्हनला, येकदम घातली तर येकदम संपतील."

"कशासाठी?"

"नवा येनार त्यो झोपत न्हाई म्हनत्यात."

मी खाली बसले. भाजीच्या टोपलीवरच बसले. हसायला लागले, मग रडायला. पेत्रोनिलानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मालकीण-बिलकीण विसरून. म्हणाली, "तुमीबी ऱ्हावा. तिकडं काय हाय?"

तिकडं काय आहे! सांगितलं तिला. ब्रियांदाचं, झोपेत सोडल्याचं, शपथेचं, जाळीचं, सगळं. पाच वर्षांत तिला माहीतच नव्हतं की मला मुलगी आहे. मी सांगितलं कसं नाही कधी?

"हे येक आधी सांगायचं न्हाई व्हय?" असं म्हणून तिनं पुन्हा शाल घेतली आणि बाहेर पडली.

४ फेब्रुवारी

क्रिस्पिन आला. दारात उभा राहून टोपी चुरगाळत होता. "बाईसाहेब, आम्हाला वाटलं तुम्हालाही आवडेल." गाऱ्हाणं मागे घेतो म्हणाला. दाढीचं काही नाही, दोन्ही गाल तसे सारखेच दिसत होते म्हणे.

५ फेब्रुवारी

खेचरवाला गेला. मेंढीवालाही. रांग लागलीय, ह्या वेळी मागे घ्यायला. आल्दाना डोकं धरून बसलेत, असं पेत्रोनिला सांगते. "ह्या गावात सगळे दारू पिऊन येतात का?" असं विचारलं त्यांनी क्रिस्पिनला.

८ फेब्रुवारी

ऊर्सुला स्वतः आली. तामाल नाहीत, नोकर नाहीत, एकटीच. मला मिठीत घेतलं आणि म्हणाली, "मूर्ख आहेस. एकदा बोलायचं होतंस." मग रडायला लागली. तिचा मुलगा लहानपणीच गेला, मला आज कळलं. आम्ही दोघींनी इतकी वर्षं चॉकलेट घेत घेत नुसती पडद्यांच्या कापडाचीच चर्चा केली!

छत्राचं गाऱ्हाणं मागे.

११ फेब्रुवारी

पेट्या बांधल्या. खेचरं ठरवली. ह्यांना सांगितलं की बहुधा पंधरवड्यात निघू. हे भिंतीकडे बघत होते. "बरं झालं," म्हणाले. हात अजून त्या काठीची सवय विसरलेला नाही, बोटं हवेतच मिटतात.

मला वाटलं होतं, आनंद होईल ह्यांना.

१५ फेब्रुवारी

नाही. नाही. नाही.

आल्दानांनी बोलावून सांगितलं की उघड गाऱ्हाणी संपली, पण एक गुपचूप आलेलं शिल्लक आहे, आणि ते भारी आहे. गव्हर्नरनं किनाऱ्याजवळ स्वतःची कोकोची बाग केली आणि गावोगावच्या, इथल्या मूळच्या इंडियन लोकांना तिथे फुकट राबवलं.

बाग! आमची! आमच्याकडे अंगणातलं एक लिंबू आहे, त्याला लिंबं लागत नाहीत!

असलं गाऱ्हाणं इथे निकाली काढता येत नाही म्हणे. ग्वातेमालाच्या मोठ्या न्यायालयात पाठवावं लागतं. किती वेळ लागतो? आल्दाना म्हणाले, "वर्ष. दोन. कधी जास्तही." ते माझ्याशी नरमाईनं बोलत होते, त्यानं जास्तच भीती वाटली.

हे शेजारी उभे होते. उत्तरादाखल म्हणाले, "आरोप खोटा आहे," पण इतक्या हळू की लिहिणाऱ्यानं पुन्हा विचारलं.

१६ फेब्रुवारी

कोण? कोण? कोण?

क्रिस्पिननं आईची शपथ घेतली. खेचरवाला तर बिचारा रडला. पेत्रोनिला म्हणते, "गुपचूप सांगायला आमच्यात कुनाला जमतंय? आमी तर चौकात ओरडून सांगतो."

१९ फेब्रुवारी

ऊर्सुलाच. दुसरं कोण? कोकोची बाग, किनारा, राबणारी माणसं— हे सगळं तिला तोंडपाठ, कारण तिच्याच बागांत ते चालतं. स्वतःचं पाप आमच्या अंगावर ढकललं. मिठी मारली ती चाचपायला मारली. रात्रभर हेच घोळतंय डोक्यात. पण मग रडली का? असं रडता येतं का मुद्दाम?

उद्या रविवार. प्रार्थनेनंतर सगळ्या गावासमोर विचारणार आहे तिला.

२१ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही.

घंटा झाली, मी डोक्यावर शाल घेतली. हे दारात आडवे आले.

"ऊर्सुलाला काही बोलू नकोस. ती नव्हती."

"तुम्हाला काय माहीत?"

ह्यांनी टोपी काढली.

"अहो, तुम्हाला काय माहीत ती नव्हती म्हणून?"

घंटा थांबली तरी आम्ही तसेच उभे. मग मला ह्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. मी म्हटलं, नाही, असं नसेल, तुम्ही सांगा असं नाही म्हणून. हे खाली बसले. पंचावन्न वर्षांचा माणूस, उंबऱ्यावर, मुलासारखा.

गाऱ्हाणं ह्यांनीच घातलं होतं. स्वतःवर. स्वतःच जाऊन, गुपचूप, लोक आपापली मागे घ्यायला लागल्यावर. कुठलं गाऱ्हाणं किती लांबतं ते ह्यांना बरोबर ठाऊक. बाग नाहीच, तेव्हा शेवटी सुटू, पण वर्षं जातील.

"का?"

"तिथे मी कोण, मेन्सिया? धाकट्याचा धाकटा. भावाच्या घरातली मागची खोली. इथे निदान आरोपी असलो तरी गव्हर्नर म्हणून असतो."

मी म्हटलं, "आणि ब्रियांदा?"

"ती मला ओळखणार नाही." मग म्हणाले, "ओळखून तिनं तोंड फिरवलं तर?"

मला ह्यांना मारावंसं वाटलं. जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदम, खरंच. काहीच केलं नाही. आत आले आणि पेटीवर बसून राहिले. प्रत्येक वेळी हीच भीती होती का? खाणीतही? किल्ल्यावरही? मी बारा वर्षं कुणाबरोबर वाट बघत होते?

२३ फेब्रुवारी

मागे घ्या म्हटलं. घेता येत नाही म्हणाले. खोटं गाऱ्हाणं घातलं हे कबूल केलं तर त्याचीच वेगळी चौकशी, तीही लांब. ह्यांनी सगळं नीट विचार करून केलंय. एवढा विचार ह्यांनी पुलाचाही केला नव्हता.

बायकोला नवऱ्याच्या परवानगीशिवाय गलबतावर घेत नाहीत. परवानगी मागितली. म्हणाले, "मला एकट्याला सोडून?" आणि अशा नजरेनं बघितलं की मीच विषय सोडला.

राग येतो, कीव येते, पुन्हा राग. कुठलं खरं ते कळत नाही. पेट्या तशाच बांधलेल्या आहेत. अडखळते मी त्यांना.

२५ फेब्रुवारी

पेत्रोनिलाशी बोलले. ऊर्सुलाशीही. दोघी एकदमच म्हणाल्या, दवंडीत "कुणालाही" असं म्हटलं होतं ना?

२७ फेब्रुवारी

गाऱ्हाणी घ्यायचा आज शेवटचा दिवस. मी गेले. उघड, नाव सांगून. गव्हर्नरनं मला लेकीकडे जाऊ दिलं नाही, एवढंच सांगितलं. आल्दाना बराच वेळ नाक पुसत राहिले, मग साक्षीदार कोण म्हणाले. ऊर्सुला पुढे आली, तिच्यामागे पेत्रोनिला, क्रिस्पिन, खेचरवाला, जागा पुरेना. मग ह्यांना बोलावून उत्तर विचारलं. हे माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "खरं आहे." नवऱ्याच्या परवानगीऐवजी न्यायाधीशांच्या हुकुमानं मी उद्या सकाळी निघतेय— एकटी.